जागल्याने झोपायचं कधी?

(वाचकांची पत्रं, ताईंची उत्तरं)

वैशाखात या सदराला पत्रं कमी येतात. लग्नसराई असते, पापड-कुरडया असतात, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असतात. यंदा उलटं झालं. गठ्ठा आला आणि त्यातली बरीचशी पत्रं झाडं, नदी, जंगल, हवामान यांच्यासाठी धावपळ करणाऱ्यांची, नाहीतर त्यांच्या घरच्यांची निघाली. म्हणून सासू-सुना आणि दहावीचे निकाल यांनी महिनाभर थांबावं. नव्या वाचकांसाठी सांगते, मी सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात समाजसेवा अधीक्षक होते, आता निवृत्त आहे, धुळ्यात राहते. मी डॉक्टर नाही. गोळ्यांची नावं मला विचारू नका.

ताई, मी २३ वर्षांची आहे, एम.एस्सी. करते. आमचा गट रस्ता रुंदीकरणात जाणाऱ्या झाडांसाठी हरकती घेतो, पावसाळ्यात रोपं लावतो, उन्हाळ्यात ती जगवतो. सुरुवातीला खूप जण होते. आता ग्रुपवर सगळे अंगठा दाखवतात आणि नगरपालिकेत मी एकटी जाते. टँकरचे पैसे मीच गोळा करते, बातमी मीच लिहिते, माहिती अधिकाराचे अर्ज मीच टाकते. रात्री झोप येत नाही. दोन-दोन वाजेपर्यंत तापमानाचे नकाशे बघत बसते. परवा जेवताना आईने एसी घ्यायचं म्हटलं तर मी ताट सरकवून उठले. थकले असं म्हणायची लाज वाटते. मी थांबले तर सगळंच थांबेल. हा मानसिक आजार आहे का? (जळगाव जिल्हा)

आधी आजाराचं. भीती वाटणं हा आजार नव्हे. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० मुलामुलींची पाहणी छापून आली, भारतही त्यात होता. हवामानबदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटते असं ५९ टक्के मुलांनी सांगितलं, आणि त्याचा रोजच्या जगण्यावर परिणाम होतो असं ४५ टक्क्यांनी. जळगाव-भुसावळला पारा ४५ ओलांडतो तेव्हा ज्याला काहीच वाटत नाही, त्याला मी आधी तपासायला पाठवीन.

पण बाई, तुझं पत्र नीट वाच. त्यात तापमानाला एक ओळ आहे. बाकी सगळं पत्र कोण आलं नाही, कोणी पैसे दिले नाहीत, कोणी नुसता अंगठा दाखवला याचं आहे. तुला पृथ्वीने दमवलेलं दिसत नाही, गटाने दमवलंय. आणि गट वाईट आहे म्हणून नव्हे, गटात पाळी ठरलेली नाही म्हणून.

साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी तुझं कोणी नातलग असेल तर फडाचं पाणी कसं चालायचं ते विचारून ये. काही शतकांची जुनी व्यवस्था आहे ती. नदीत बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, कुठल्या फडात कुठलं ते पंचांनी ठरवायचं. पाणी द्यायला पाटकरी नेमलेला. तो बांधाबांधाने फिरून प्रत्येकाच्या वावरात पाणी सोडतो, त्याबद्दल त्याला धान्य नाहीतर पैसे मिळतात. मालकाने मध्यरात्री फावडं घेऊन पाटावर जायचं नाही. पिकाची राखण करायला जागल्या वेगळा. आणि नदीला पाणी कमी असेल त्या साली पंच एखाद्या फडाला पाणीच देत नाहीत. तो फड तसाच पडून राहतो आणि त्याला कोणी आळशी म्हणत नाही.

तू सध्या पाटकरी आहेस, जागल्या आहेस, पंच आहेस आणि वर शेतमालकही आहेस. असा माणूस कधी झोपेल?

तर तुमच्या कामाचेही फड पाड. कागद हा एक: हरकती, अर्ज, पोच, मुदती. पाणी हा दुसरा: टँकर, रोपं, आळी, कुंपण. माणसं हा तिसरा: बातमी, शाळा, दुकानदार, नगरसेवक. प्रत्येकाला एकच पाटकरी, तोही एका हंगामापुरता, समजा आखाजी ते श्रावणातला कानबाईचा सण. कानबाई उठली की पाटकरी बदलला. नवा माणूस चुकेल, हरकतीत ‘वृक्ष’ऐवजी ‘रुक्ष’ लिहील, चालेल. तू ते रात्री बारा वाजता दुरुस्त करायला बसू नकोस. ज्याला कोणी तयार नाही तो फड या हंगामात पडीक ठेवायचा. म्हणजे काही कामं होणार नाहीत. तुला आत्ता पोटात गोळा आला असेल, मला माहीत आहे. पण तीही आत्ता होतायत म्हणजे तुझ्या झोपेतून होतायत.

कागदाच्या फडाबद्दल एक. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायला कायद्याने ३० दिवस दिलेत. त्या ३० दिवसांत त्या अर्जाचं तुला काय करायचं असतं? काही नाही. ३१व्या दिवशी अपील लिहायचं. कॅलेंडरवर खूण कर आणि मधले दिवस तो विषय डोक्यातून काढ. वृक्षांच्या कायद्याचंही तसंच. १९७५ चा कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलंय. तुमच्या रस्त्यावरचे वड त्यात बसतात का, हे एकदा बसून मोजून टाका. मग प्रत्येक नोटिशीला तेच पान जोडायचं, दर वेळी नवं लिहायचं नाही. सरकारी कामाचा वेग हा तुझ्या रागाचा विषय आहेच, पण त्याच वेगात तुला विश्रांतीही मिळू शकते. कार्यालयातले लोक बघ कसे घेतात.

आता रात्रीचं. २०२४ हे साल औद्योगिक काळाआधीच्या सरासरीपेक्षा साधारण दीड अंशाने जास्त तापलं, असं जागतिक हवामान संघटनेने सांगितलं. पॅरिस करारातली दीड अंशाची मर्यादा एका वर्षावर मोजत नाहीत, दशकांच्या सरासरीवर मोजतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मग सांग, रात्री अकरा ते दोन या वेळेत त्या आकड्यात काय फरक पडतो? सकाळी दहाला बघ, एकदा बघ, वहीत लिही. आणि झोप उडवण्यात तुझ्या मनाइतकाच तुमच्या स्लॅबचाही हात आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खाली उष्णता सोडतो, अंग निवत नाही, झोप तुटते, दुसऱ्या दिवशी माणूस चिडतो. गच्चीला पांढरा चुना मार, संध्याकाळी पाणी शिंपड, जमेल तेव्हा वर झोप. ताट सरकवून उठलीस त्यात थोडा मे महिना होता. आईला तेवढं सांग, ती समजेल. एसीचं तुमचं तुम्ही बघा, पण घरात वृद्ध माणूस असेल तर तत्त्व जरा बाजूला ठेव.

आणखी एक. तुमच्या गटाची शेवटची भेट अशी कधी झाली जिच्यात काहीच ठरवायचं नव्हतं? बारीपाड्याचं उदाहरण सगळे देतात, मीही देते, पण वेगळ्या कारणासाठी. साक्री तालुक्यातल्या त्या पाड्याने ४०० हून जास्त हेक्टर जंगल राखलं, चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, हे सगळ्यांना पाठ आहे. तिथे दरवर्षी रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा होते, बाया आपापल्या भाज्या रांधून आणतात, हे कमी जण सांगतात. जंगल राखणारे त्या जंगलातलं काहीतरी एकत्र बसून खातात. तुम्ही मार्गशीर्षात वावरात भरीत करा. पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, वर तेल. अजेंडा नको, हजेरी नको, आणि कृपा करून बॅनर लावून फोटो नको.

हे सगळं करूनही दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, आवडीच्या गोष्टीत रस नाही, किंवा जगून काय उपयोग असं मनात येऊ लागलं, तर मग माझ्या पत्राची वाट पाहू नकोस. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलतात. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. केसपेपर काढ आणि मनोविकार विभाग विचार. तिथे ओळखीचं कोणी भेटलं तर भेटू दे, तेही त्यासाठीच आलेलं असतं.

ताई, माझा मुलगा इंजिनिअर. पुण्यातली नोकरी सोडून सातपुड्यात वनहक्काचं आणि गावरान बियाण्यांचं काम करतो. घरी महिन्यातून एकदा येतो, वाळून गेलाय. मागच्या महिन्यात मोर्चाआधी त्याला पोलिसांची नोटीस आली. मी रात्रभर देवासमोर बसले. त्याचे वडील त्याच्याशी बोलत नाहीत. नातेवाईक म्हणतात, आपलं काय जास, सोडी दे म्हणा. मी काय करू? (शहादा)

ताई, नोटिशीचं आधी, कारण त्याने तुमची झोप गेलीय. मोर्चाच्या आधी येते ती बहुतेक वेळा प्रतिबंधात्मक नोटीस असते. पूर्वी तिला १४९ ची नोटीस म्हणायचे, नव्या कायद्यात ते कलम १६८ झालंय. गडबड करू नका, केल्यास जबाबदार धरू, एवढाच तिचा अर्थ. ती म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नव्हे. अटक तर नव्हेच. मुलाला सांगा, तिची झेरॉक्स घरी ठेव, एक वकिलाकडे दे, आणि वकिलाचा नंबर आईच्या फोनमध्ये भरून दे. हा शेवटचा भाग त्याने केला की तुम्हाला निम्मं बरं वाटेल. चळवळीतली मुलं देशभर फोन करतात आणि घरी ‘काही नाही गं’ एवढंच सांगतात. त्यांना वाटतं ती आईला जपतायत. आईला मात्र न सांगितलेलं सगळं दिसत असतं.

तो आला की ‘किती दिवस चालायचं हे?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर त्याच्याकडे नाही, कोणाकडेच नाही. तुमच्याच जिल्ह्याचं बघा ना. नर्मदा बचाव आंदोलन १९८५ च्या सुमाराचं. जागतिक बँक १९९३ मध्ये सरदार सरोवर धरणातून बाहेर पडली तेव्हा लोकांनी ढोल वाजवले. त्याच सुमाराला पाण्यात जाणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव मणिबेली, तेही तुमच्याच अक्कलकुव्याचं. ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाला वाट दिली, २०१७ मध्ये धरणाचं लोकार्पण झालं. तरुणपणी गेलेली माणसं त्यात म्हातारी झाली.

मी नोकरीत असताना धडगावच्या बाजूला आरोग्य शिबिरांना जात असे. बार्जने जायचं, मग चढ. मोर्चा, उपोषण, अटक यातून गेलेली कितीतरी माणसं तिथे भेटली. काही आतून पार पोखरलेली होती, काही नव्हती. जी नव्हती त्यांच्यात मला एक गोष्ट बहुतेकदा दिसली: त्यांच्याकडे लढ्याबरोबर रोजचं एखादं साधं काम होतं. आंदोलनाने काढलेल्या जीवनशाळा तुम्ही ऐकल्या असतील, ‘लडाई पढाई साथ साथ’ अशी घोषणाच होती त्यांची. एका शाळेतले गुरुजी मला आठवतात. आदल्या रात्री बैठकीत निकालाची वाईट बातमी आलेली, सगळे मान खाली घालून बसलेले. सकाळी हा माणूस ओट्यावर उभा, हातात हजेरीपट, आणि एका पोराच्या नाकाचा शेंबूड स्वतःच्या उपरण्याने पुसतोय. पोराला धरणाचं काय माहीत? त्याला पाढे म्हणायचे होते. त्या पाढ्यांनी गुरुजींना उभं ठेवलं असं माझं मत आहे, कोणी शास्त्रीय पुरावा मागू नये.

तुमच्या मुलाकडे बियाणं आहे. हे फार चांगलं आहे. दादर ज्वारीची कणसं, चवळी, राळा, जे असेल ते त्याला घरी आणायला सांगा. तुमच्या परसात लावा. वडील बोलत नाहीत ना? त्यांना विचारा, हे बी कुठल्या नक्षत्रावर टाकायचं. खानदेशातला कुठलाही बाप पोराशी अबोला धरेल, पण बियाण्यावर गप्प बसणार नाही.

वाळला असेल तर रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, साखर, टायफॉइड, मलेरिया. सगळा अशक्तपणा ध्येयाचा नसतो. आणि नातेवाइकांना उत्तर द्यायला तुम्ही बांधलेल्या नाहीत.

संपादक महोदय, आपल्या सदरात हल्ली ‘मनःस्वास्थ्य’ फार येते. मी निवृत्त शिक्षक, अमळनेरचा. आमच्या पिढीने सत्याग्रह पाहिलेली माणसे जवळून पाहिली. साने गुरुजींच्या कर्मभूमीत वाढलो. ती माणसे थकली नाहीत. आजची मुले दोन झाडे लावतात आणि समुपदेशक मागतात. (अमळनेर)

सर, तुमच्या अक्षराला नमस्कार. मुद्द्याला नाही.

गुरुजी १९२४ ते १९३० तुमच्या गावच्या शाळेत शिकवत होते, मग शाळा सोडून सत्याग्रहात गेले. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबाही तिथेच. दर रविवारी विनोबा गीतेवर बोलायचे आणि गुरुजी ते उतरून घ्यायचे, ही गोष्ट तुम्ही वर्गात शिकवली असेल. मी त्या गोष्टीकडे माझ्या धंद्याच्या नजरेने बघते. तुरुंगात, जिथे सगळंच हातातून गेलेलं, तिथे आठवड्याचा एक दिवस ठरलेला, एक वेळ ठरलेली, ऐकायला सोबत, आणि गुरुजींच्या हाताला लिहायचं काम. आज आम्ही गटात बसवून लोकांकडून जे करून घेतो, त्यात याहून फार वेगळं काही नसतं. फक्त आम्ही फॉर्म भरून घेतो.

आणि ते थकले नाहीत असं तुम्ही म्हणता. १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलेला, १९४८ मध्ये ‘साधना’ सुरू केलेला हा माणूस ११ जून १९५० ला स्वतःच्या हाताने गेला. का, हे एका वाक्यात सांगणारे पुष्कळ भेटतात. मी ते वाक्य बोलणार नाही, तेवढा अधिकार मला नाही. पण अमळनेरात बसून, गुरुजींचं नाव घेऊन, संवेदनशील माणसं थकत नाहीत असं कोणी लिहिलं तर मला ते जसंच्या तसं छापवत नाही. संपादकांनी छापा म्हटलं, म्हणून उत्तरासह छापलं.

दोन झाडं लावणाऱ्या मुलांना तुम्ही शिव्या द्या, पण त्यांच्या हरकतींचं शुद्धलेखन तपासून द्याल का? तुमच्यासारखा माणूस आठवड्यातून एक तास बसला तर वर जळगावच्या मुलीला जे सांगितलं त्यातला कागदाचा अर्धा फड सुटेल. हे मी टोमण्याने म्हणत नाही.

ताई, गिरणाकाठी आमची जमीन आहे. रात्री ट्रॅक्टर, डंपर लावून वाळू उपसतात. विहिरीचं पाणी खाली गेलं. मी तक्रार दिली. तेव्हापासून रात्री घरासमोर गाडी उभी राहते, हॉर्न देतात आणि निघून जातात. बायको घाबरते, मुलं शाळेत जायला घाबरतात. मला रात्रभर जाग असते. मन खंबीर करायला काय करू? (नाव-गाव छापू नये)

दादा, तुमचं मन ठीक आहे. घरासमोर रात्री गाडी हॉर्न देऊन जात असेल तर ज्याला झोप लागते तो माणूस आजारी. इथे प्राणायाम सांगणं म्हणजे तुमची चेष्टा होईल. प्रश्न सुरक्षिततेचा आहे, तसाच सोडवायचा.

एकट्याच्या नावाने यापुढे काही देऊ नका. ग्रामसभेत ठराव घ्या. विहिरी तुमच्या एकट्याच्या खाली गेलेल्या नाहीत, नदीतली वाळू पाणी धरून ठेवते आणि झिरपवते, ती गेली की काठच्या सगळ्यांच्या विहिरी बसतात, हे गावाला कळतं. ठराव तहसीलदारांना द्या, प्रत जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना, प्रत्येकाची पोच घ्या. घरासमोर गाडी येते याची वेगळी तक्रार द्या, वाळूच्या तक्रारीत ती मिसळू नका. तारीख, वेळ, गाडीचा रंग, नंबर दिसला तर नंबर. गाडी उभी असताना ११२ ला फोन लावा, पोलीस उशिरा आले तरी फोनची नोंद राहते. आणि मोबाईल घेऊन रात्री एकटे नदीत उतरू नका, ट्रॅक्टरच्या पुढे तर मुळीच उभे राहू नका. या जिल्ह्यांत वाळूवाल्यांनी सरकारी अधिकाऱ्यांच्या अंगावर गाड्या घातल्या आहेत. फोटो काढणारा एक, अर्ज देणारे पन्नास, बोलणारा तिसराच, अशी वाटणी करा. एका नावावर राग धरता येतो, ग्रामसभेवर धरून काय करतील?

काही दिवस पोरांना मामाकडे पाठवलंत तर ते पळणं नाही. तुम्हाला स्वतःला झोप हवी असेल तर शेजारच्या दोघांनी ओट्यावर झोपायला यावं असं सांगा. स्पष्ट शब्दांत सांगा, ते सुचून येणार नाहीत.

बाई, मी केळीच्या बागेत कामाला जाते. डोक्यावर घड वाहतो आम्ही. मागच्या महिन्यात हवामान वाचवा म्हणून मोर्चा होता, आम्हालाही बोलावलं. दुपारी बाराला. भाषणं झाली, काम करणाऱ्यांनी ताण कसा घालवायचा ते सांगितलं. आमच्या ताणाचं कोणी विचारलं नाही. मजुरी बुडाली ती बुडाली. (रावेर. पत्र मुलीने लिहून दिलं आहे)

मुलीला शाबासकी, पत्र फार चांगलं लिहिलंय.

माऊली, तुमचं बरोबर आहे आणि ज्यांनी मोर्चा काढला ते हे सदर वाचत असतील अशी आशा आहे. मैदानी भागात तापमान ४० च्या वर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेलं, किंवा सरळ ४५ ला टेकलं, की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. अशा दिवसांत उष्णतेविरुद्ध भर दुपारी बाराला मोर्चा काढायला फार शिकलेलं असावं लागतं. सकाळी सातला काढा. ज्यांची मजुरी बुडते त्यांना मजुरी द्या, बॅनरचा खर्च कमी करा. नाहीतर बागेत जा, त्यांच्या सुट्टीच्या वेळी, सावलीत, आणि भाषण न करता ऐका. केळीला हवामान आधारित फळपीक विमा आहे, ऊन वाढलं की बागेची भरपाई निघते. घड उचलणाऱ्या बाईचा त्या कागदावर रकानाच नाही. मागण्या शोधत फिरता, ही एक घ्या.

तुमच्यासाठी, बाई: ऊन चढायच्या आत काम उरकायचा करार मुकादमाशी दहा जणींनी मिळून करा, एकीने नको. पाण्यात मीठ-साखर नाहीतर ओआरएसची पुडी. सोबतची बाई असंबद्ध बोलायला लागली, झोकांड्या खायला लागली, अंग भट्टीसारखं आणि कोरडं लागलं, तर ती नाटक करत नाही. सावलीत आडवी करा, लुगडं ओलं करा, मान-काखा भिजवा, वारा घाला, १०८ बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

ताई, नऊ वर्षं पर्यावरणाच्या कामात होतो, संस्थेचा खजिनदारही होतो. गेल्या दिवाळीपासून जाणं बंद केलं. कोणाशी भांडण नाही, संपलं एवढंच. पण रस्त्यात जुने सोबती दिसले की मी दुसऱ्या बाजूला जातो. परत जावं का? (धुळे)

जावंसं वाटत नसेल तर जाऊ नका. नऊ वर्षं ही नऊ वर्षं असतात, ती परत कोणी घेत नाही. तुम्ही तोंड चुकवताय त्याचं कारण मला वेगळं वाटतं. तुम्ही गेलात, पण काम हातातून सोडलेलं नाही. खजिनदार म्हणताय, म्हणजे पासबुक, चेकबुक, पावतीपुस्तकं अजून तुमच्याच कपाटात असणार. ईमेलचा पासवर्ड तुमच्या जन्मतारखेचा असणार. अर्धवट हिशेब आहे आणि तोच रस्त्यात समोर येतो.

सगळं एका पिशवीत भरा, यादी करा, दोन प्रती, दोघांच्या सह्या. अध्यक्षांना फोन करून सांगा की द्यायला येतोय, राजीनाम्याचं लांबलचक पत्र लिहू नका. ते ‘थोडे दिवस थांब’ म्हणतील, हसून नाही म्हणा, चहा मात्र घ्या. खात्यावरची सही बदलायला ठराव लागेल आणि नवा खजिनदार सोबत लागेल. सोमवारी बँकेत गर्दी असते, मंगळवारी जा. आधार आणि पॅन दोघांचं न्या, नाहीतर परत फेरी पडते.